ब्लॉक चारचा बिरोबा

आमच्या संस्थेच्या फॉर्मात तेवीस रकाने होते आणि त्यातल्या एकाही रकान्यात माझे आजोबा बसत नव्हते. चार वर्षं माझं डोकं या एका गोष्टीनं खाल्लं. फॉर्म बदलायची माझी ऐपत नव्हती आणि आजोबा बदलायची कुणाचीच नव्हती.

आधी सगळं नीट सांगते. मी धनश्री. दौंडच्या कॉलेजात बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकलं आणि पुण्याच्या एका संस्थेत फील्ड सुपरवायझर म्हणून लागले. फील्ड म्हणजे दुसरं काही नाही, आमच्याच गावचं गायरान. कुरकुंभच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावामागे म्हसुटीचं टेकाड. त्या टेकाडावर माझे आजोबा गेणबा, म्हणजे आमचे आबा, जन्मभर मेंढरं चारत आले. आमच्या बाकीच्या भावकीनं मेंढरं केव्हाच विकली. कुणी ऊस लावला, कुणी कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जातं. आबा तेवढे राहिले.

दोन हजार चार सालच्या चैत्रात ते टेकाड जळलं. पोपटरावांनी उसाचं पाचट पेटवलं, दुपारचं वारं सुटलं आणि बघता बघता आग बांध ओलांडून वर गेली. पण पोपटराव पडले सरपंच. ग्रामसभेत वणवा कुणी लावला हा विषय निघाला, तेव्हा सगळ्या माना आबांकडे वळल्या. नव्या गवतासाठी मेंढरंवालेच रान पेटवतात, हे म्हणे सगळ्यांना माहीत असतं.

"व्हय," आबा म्हणाले, "आन् संगं माझी वाघूर बी म्याच जाळून घेतली."

वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. ती खरोखरच जळाली होती. पण आबांची ही तिरकस बोलायची खोड आम्हाला नेहमीच महागात पडली. "मी लावली नाही" एवढं सरळ बोलले असते तर काय बिघडलं असतं?

पुढच्या वर्षी संस्था आली. सत्यजीत सर म्हणून आमचे साहेब होते, पुण्याहून जीपमधून यायचे आणि मोबाईलला रेंज मिळावी म्हणून थेट टेकाडाच्या माथ्यावर जाऊन उभे राहायचे. त्यांनी ग्रामसभेला समजावून सांगितलं. जगातल्या धुराड्यांतून कार्बनचा वायू हवेत जातो. झाडं तो ओढून घेतात आणि खोडात साठवून ठेवतात. आपण जळलेल्या टेकाडावर चौदा हजार झाडं लावायची, ती मोजायची, आणि किती कार्बन धरला याचा हिशोब परदेशात पाठवायचा. तिथून त्याचे पैसे येणार, त्यावर योजना चालणार. गावाला सावली, बायकांना रोजगार. तोवर चराई मात्र बंद. चार वर्षांनी तपासणी, आणि मग चराईचा निर्णय. पोपटरावांनी लगेच ठरावावर सही केली. त्यांच्या घरी दोन म्हशी होत्या आणि त्या गोठ्यातच असायच्या.

आबा उठून म्हणाले, "सायेब, समदं टेकाड एकदम कशापायी बंद करता? तीन भाग करा. एका भागात मेंढरं बसवू, एक भाग राखू, एक चारू. दर दोन सालाला बदलू. रान आपसूक येतंय."

"आजोबा, हे शास्त्रीय काम आहे," सर म्हणाले.

"आन् माझं काय, भजन हाय?"

लोक हसले. सर हसले नाहीत. मला नोकरी लागून नऊ दिवस झाले होते. मी मान खाली घालून बसले.

तेव्हापासून घरात रोज तेच. आबांची नव्वद मेंढरं कालव्याच्या कडेनं, उसाच्या बांधानं, रेल्वेच्या रुळालगत चरायची आणि जिथं जातील तिथं कुणीतरी ओरडायचं. ओरडलं की आबा संध्याकाळी माझ्यावर ओरडायचे. जणू टेकाडाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. आबांनी चार वर्षं थांबायचं ठरवलं होतं. टेकाड उघडलं तर मेंढरं राहतील, नाही उघडलं तर जातील, इतकं ते सरळ होतं. दर अमावस्येला ते मला विचारायचे, "धने, किती राह्यलं?" आणि मी महिने मोजून सांगायची.

आता माझी चूक सांगते. ती लपवून उपयोग नाही.

आम्ही टेकाडाचे चार ब्लॉक पाडले. दोरी धरून तीन-तीन मीटरवर ओळी आखल्या, खड्डे घेतले, गिरिपुष्प, करंज, शिसू अशी रोपं लावली. पाऊस पडला आणि रोपांच्या आधी भलतंच उगवलं. जळलेल्या बोरी बुडातून फुटल्या. हिवराला धुमारे आले. बाभळीची बोटभर रोपं जिकडं तिकडं वर आली. ती ओळीत नव्हती. फॉर्मातला अकरावा रकाना होता, "अनावश्यक वाढ काढली काय? होय/नाही." मी खुरपणीला बायका लावल्या आणि सगळं उपटून काढलं. बोरीचे बुंधे कुदळीनं काढले. बायकांनी सरपण म्हणून मोळ्या घरी नेल्या आणि मी रकान्यात "होय" लिहिलं.

आबा संस्थेनं घातलेल्या कुंपणापलीकडून बघत होते. "आगं येडी का खुळी तू? रान उपटाया लागली की!"

"आबा, ते तण आहे."

"तुझा आजा तण हाय," ते म्हणाले आणि मेंढरं घेऊन गेले.

ब्लॉक एक झाला, दोन झाला, तीन झाला. चौथा सगळ्यात वर होता. तिथं खुरपणीला गेलेल्या बायका तासाभरात खाली आल्या. पुढे धुरपदा. ती आमची मुकादम. एरवी साप दिसला तरी खुरप्यानं बाजूला सारणारी बाई, पण आता पदर सावरत आली होती.

"बाई, आमी न्हाई तिथं खुरपं लावायच्या. तिथं बिरोबा हाय."

"बिरोबा? कालपर्यंत नव्हता."

"आगं बाई, आसं बोलू नगंस. परगट झालाय!"

मी वर गेले. ब्लॉक चारच्या मधोमध एक चपटा काळा दगड उभा होता. त्याला भंडारा फासलेला, पुढे लिंबू, नारळाची वाटी, चारी बाजूंनी काट्याचं कुंपण. त्यातच भोवताली बाभळीची रोपं इतकी दाट होती की पाय ठेवायला जागा नव्हती. मी दगडाकडे नीट पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो आमच्या न्हाणीतला कपडे धुवायचा दगड होता. वच्छलाबाई, म्हणजे माझी आज्जी, दोन दिवस तो शोधत होती आणि शेजारणीवर संशय घेत होती.

घरी आल्यावर मी आबांना धारेवर धरलं. "देव असा कुठंही बसवतात का? धुण्याचा दगड?"

"दगूडच हाय की. पंढरीत काय येगळं हाय?" आबा शांतपणे तंबाखू मळत म्हणाले. "तुमचं खुरपं आडवाया मला दुसरं काय घावलं न्हाई."

"आणि तिथं एवढी बाभळ आली कुठून? बाकी कुठं इतकी नाही."

तेव्हा त्यांनी सांगितलं. संस्था यायच्या आधीच्या उन्हाळ्यात, टेकाड काळं पडलेलं असताना, त्यांनी महिनाभर मेंढरं रोज तिथं मुक्कामाला बसवली होती. ओढ्याच्या बाभळीखाली दिवसभर शेंगा खाऊ घालायच्या आणि मुक्कामाला वर न्यायचं. मेंढरं शेंगा खातात, बी लेंडीतून पडतं. पोटातून गेलेलं बी लवकर फुटतं, आणि लेंडीचं खत त्याच्या उशालाच असतं. हिवराचं तसंच. "माझ्या आज्यानं ओढ्याकडची बन आशीच केली. म्होरं दोन सालं तिकडं मेंढरू फिरकू द्यायचं न्हाई, यवढंच. त्ये कवळं आसतंय."

मी ते ऐकलं आणि काय केलं? काहीच नाही. फॉर्मात तसा रकाना नव्हता. खरं सांगून टाकावं तर धुरपदेच्या बायकांसमोर माझ्या आजोबांचा देव खोटा पडणार आणि आजोबांनी संस्थेच्या हद्दीत दगड नेला हेही बाहेर येणार. मी ब्लॉक चारपुढे लिहिलं, "धार्मिक स्थळ, खुरपणी शक्य नाही." सत्यजीत सरांनी ते वाचून कपाळाला हात लावला. पुढच्या वेळी आले तेव्हा मात्र बूट काढून वर गेले आणि भंडारा लावून आले.

पुढची तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. गिरिपुष्पाची रोपं पहिल्या उन्हाळ्यात वाळली. आम्ही नांग्या भरल्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली. तीही वाळली. टँकरनं पाणी घातलं. मुरमाड जमीन ते घटाघटा प्यायली आणि रोपं होती तशीच राहिली. ब्लॉक एक ते तीनमध्ये लांबून फक्त खड्डे दिसायचे, अगदी सरळ ओळीत. ओळी मात्र फार सुंदर होत्या, हे मला कबूल केलं पाहिजे.

नव्वदाची चाळीस मेंढरं झाली. आबा आता ओरडायचेही नाहीत. फक्त अमावस्येला विचारायचे, "किती राह्यलं?"

दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये तपासणी आली. बंगळूरहून एक मॅडम, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, उन्हानं आणि आमच्या जीपनं वैतागलेल्या. त्यांच्याकडे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक काठी होती, छातीइतक्या उंचीची. काठी खोडाला लावायची आणि तिच्या टोकापाशी टेप गुंडाळून खोडाचा घेर मोजायचा. ब्लॉक एक, दोन, तीनमध्ये काठी लावायला काही सापडेना. जी रोपं जिवंत होती ती काठीच्या गुडघ्याला लागत होती. मॅडम एक शब्द बोलत नव्हत्या आणि सत्यजीत सर फार बोलत होते.

मग आम्ही ब्लॉक चारमध्ये आलो.

तिथं माझ्या डोक्याच्या वर हातभर बाभळी होत्या. हिवर होते. बोरी काट्यांसकट माजल्या होत्या. खाली सावली होती, आणि त्या सावलीत तो धुण्याचा दगड, चार वर्षांच्या भंडाऱ्यानं पिवळाजर्द. धुरपदेनं मॅडमना चपला काढायला लावल्या. मॅडमनी काढल्या, काठी लावली, टेप गुंडाळला. एक, दोन, दहा, चाळीस झाडं मोजली. मग घाम पुसून त्यांनी विचारलं, "ये किसने लगाया?"

"हमारी टीम ने," सत्यजीत सर म्हणाले.

"लिस्ट में तो बबूल है ही नहीं. और लाइन कहाँ है?"

सर माझ्याकडे पाहू लागले. कुंपणापलीकडे आबा मेंढरं घेऊन उभे होते. त्या क्षणी माझा सगळा राग एकदम वर आला. सरांवर, फॉर्मावर, आबांवर, आणि अकराव्या रकान्यात "होय" लिहिणाऱ्या माझ्या हातावर तर सगळ्यात जास्त.

"भेड़ ने लगाया, मॅडम," मी म्हणाले.

मॅडमनी पेन खाली केलं. मी आबांना आत बोलावलं. त्यांनी शेंगांपासून लेंडीपर्यंत सगळं सांगितलं, तीन भागांचं पुन्हा सांगितलं, आणि मी जमेल तसं हिंदीत केलं. मॅडमनी तीन पानं लिहून घेतली. देवाचं मात्र मी काही बोलले नाही. धुरपदा समोरच उभी होती आणि तिनं त्या दगडाला दोन नवस बोलले होते, त्यातला एक फळालाही आला होता.

जाताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "रिपोर्ट में लिखूँगी. डिसीजन मेरा नहीं है."

जीपपाशी सत्यजीत सरांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, नोकरी गेली. पण ते थकलेले दिसत होते. "धनश्री, तुला कळतंय का? झाडं नापास झाली तर पुन्हा लागवड, म्हणजे आणखी चार वर्षं बंद. पास झाली तर तो कार्बन तीस वर्षं तसाच राहायला हवा. म्हणजे तीस वर्षं बंद. आजोबांना काय सांगायचं ते सांग."

"पण झाडं त्यांच्याच मेंढरांनी लावली सर!"

"मला माहीत आहे," सर म्हणाले. "पण असं कुठं लिहायचं, तूच सांग."

महिना गेला, रिपोर्टचं काही कळेना. मे महिन्यातल्या अमावस्येला आबांनी विचारलं, "धने, किती राह्यलं?"

मी त्या दिवशी सकाळपासून टँकरच्या मागे फिरत होते. पोपटराव मला भर चौकात म्हणाले होते, "काय गं, तुझ्या आज्याची मेंढरं आता झाडं बी लावाया लागली म्हनं!" माझं डोकं तापलेलं होतं. मी ओरडले. "तीस वर्षं! तीस वर्षं राहिली आबा! कळलं? काय करणार आहात तुम्ही तीस वर्षं? विका ती मेंढरं आणि सुटा एकदाचे, आणि मलाही सोडवा!"

आज्जी चुलीपाशी थबकली. आबा काही तिरकस बोलतील म्हणून मी थांबले. पण तोंडातले उरलेले सहा दात दाखवत ते एरवीसारखे हसलेही नाहीत. "बरं," म्हणाले, आणि भाकरी तशीच ठेवून उठले.

त्याच आठवड्यात ते चाळीस मेंढरं यवतच्या बाजारात घेऊन गेले. मला कुणी सांगितलं नाही. मी संध्याकाळी घरी आले तर अंगण शांत होतं. ती शांतता मला आधी कळलीच नाही. मला वाटलं, माझेच कान बसलेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. सत्यजीत सर स्वतः घेऊन आले आणि टेकाडावर न जाता थेट आमच्या दारात आले. अहवाल मान्य झाला होता आणि तीस वर्षांची अट झाडं न तोडण्यापुरतीच ठेवली होती. ब्लॉक चारमध्ये वापरलेली पद्धत पुढच्या टप्प्यात सगळ्या ब्लॉकना लागू करायची होती. येत्या उन्हाळ्यापासून आळीपाळीनं एका ब्लॉकमध्ये स्थानिक मेंढ्या बसवाव्यात, एक राखावा, बाकी ठिकाणी चराईस मुभा द्यावी. आबा चार वर्षं जे बोंबलून सांगत होते ते शब्दाशब्दानं तिथं टाईप केलेलं होतं, खाली शिक्का. सोबत नवा फॉर्म होता. त्यात एक रकाना वाढवला होता, चोविसावा: "मेंढपाळाचे नाव व मेंढ्यांची संख्या."

सर खुशीत होते. "आजोबा कुठंत? मेंढ्या कुठंत?"

मला माझाच इतका संताप आला होता की तोंड उघडलं असतं तर रडले असते. फॉर्म घेऊन मी घरामागे मेंढवाड्यात गेले.

आबा फावड्यानं वाड्याचा तळ खरवडत होते. कित्येक वर्षांच्या लेंड्यांचा तिथं हातभर थर होता. शेजारी सात पोती भरून शिवलेली, आठवं अर्धं.

मी पत्र वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत. आबांनी फावड्यावर रेलून सगळं ऐकलं.

"आबा, मी तुम्हाला विका म्हणाले," मी म्हणाले. "मी म्हणायला नको होतं. मी आणखी एक महिना थांबा म्हणायला हवं होतं."

"तू न्हाई म्हनली आस्तीस तरी इकलीच आस्ती," आबा म्हणाले. ते खोटं होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग त्यांनी पोत्यांकडे बोट केलं. "ह्या समद्यात बाभळीचं बी हाय. हिवराचं बी. पाऊस लागायच्या आत ब्लॉक तीनमधी टाक. तुज्या त्या वळींत नगं, खड्ड्याच्या भाईर टाक, इस्कटून. यका ब्लॉकाला पुरंल."

"आणि बाकीच्या दोन ब्लॉकना?"

आबा पुन्हा खरवडू लागले. खरवडता खरवडता म्हणाले, "आन् त्यो दगूड खाली आण. आता तिथं रान उभं हाय, त्येला राखणीची गरज न्हाई. ब्लॉक तीनमधी बशीव. धुरपदीला सांग, देव हालला म्हनावं."

मी भिंतीला टेकून फॉर्म गुडघ्यावर घेतला. चोविसाव्या रकान्यात आधी नाव लिहिलं, गेणबा. पुढं संख्या होती. मी पेन धरून बसले. आबांनी आठवं पोतं शिवलं आणि शेवटचा थर ओढून काढला. माझ्या जन्मापासून पहिल्यांदाच मी त्या वाड्याची जमीन पाहिली. साधी तांबूस माती होती.